गुन्ह्यांचा इतिहास लिहायचाय? आधी दंडाची वही कशासाठी लिहिली ते विचारा

पेशवाईतल्या पुण्यावर काम करणार असाल, तर मोडी येतं असं मी धरून चालते. वर्गातली सुबक मोडी आणि कारकुनाने घाईत ओढलेली ओळ यांत फार अंतर असतं. घाबरू नका, रोज वाचून डोळा बसतो. पेशवे दफ्तराच्या, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांच्या, छापील खंडांवर मात्र प्रबंध उरकू नका. ती निवड बहुतेक राजकारणाच्या अंगाने झालेली आहे.

खरा सापळा कोतवालीच्या, म्हणजे शहराचा बंदोबस्त पाहणाऱ्या कचेरीच्या, हिशेबांत आहे, आणि मीही त्यात बरीच अडकले होते. चोरी, मारामारी, बदअमल (व्यभिचार) अशी कलमं, पुढे नाव, पुढे दंडाचे रुपये. बघताक्षणी तक्ता करावासा वाटतो: अमुक साली इतके गुन्हे, पुढे इतके. करू नका! ही वही गुन्हे मोजायला नाही, सरकारची जमा दाखवायला लिहिलेली आहे. पैसा आला म्हणून माणूस तिच्यात आला. दंडाऐवजी किल्ल्यावर कामाला धाडलेली बाई वेगळ्याच कागदात असते. गोताने, म्हणजे गावकरी-जातभाईंच्या सभेने, गावातच मिटवलेलं प्रकरण बहुधा कुठेच नसतं. घाशीराम कोतवालाच्या काळात (१७७७ ते १७९१) दंडाची रक्कम वाढलेली दिसली, तर शहर बिघडलं की कोतवालीचा जाच वाढला? नुसत्या आकड्यावरून हे कधीच कळणार नाही.

लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयातले १६७४ ते १९१३ पर्यंतचे खटले आज घरबसल्या वाचता येतात. तिथेही हेच. घरातून ४० शिलिंगांचा माल चोरला की फाशी, म्हणून ज्युरी कित्येकदा किंमत ३९ शिलिंग ठरवत. शब्द टाकून आकडे काढणाऱ्याला ही दया दिसत नाही.

म्हणून एकेक प्रकरण धरा. तक्रार, जबानी, निवाडा, हिशेब जुळवा. जामीन कोण राहिला? सूट कुणी मिळवून दिली? ब्राह्मणाला सहसा देहदंड नसे. मग त्याच अपराधाला इतरांचं काय झालं? तारखा लावताना शुहूर आणि फसली या त्या कागदांतल्या दोन कालगणनांच्या सनांत गल्लत झाली तर नऊ वर्षं चुकतात.

मार्गदर्शक नामवंत नसला तरी चालेल, शेजारी बसून कागद ओळ न् ओळ वाचणारा हवा. आणि इंग्रजी अमलाकडे वळलात, तर १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का पोलिसी अहवालांतून तसाच उचलू नका. कायदा १९५२ साली गेला, पण त्या लोकांची नातवंडं-पतवंडं तो शिक्का आजही सोसतायत.