उलव्यातून विमानाचे फोटो: अक्षरं का थरथरत होती

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला प्रवासी विमानं सुरू झाली आणि शेजारच्या उलव्यात आमच्यासारख्या विमानांचे फोटो काढणाऱ्या हौशी लोकांची चांदी झाली. अडचण एकच. दुपारच्या फोटोंत विमानाच्या अंगावरची अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी, खिडक्यांची ओळ वाकडीतिकडी. शटर १/१२५० होतं, म्हणजे सेकंदाच्या १२५०व्या भागापुरतंच उघडत होतं, तेव्हा हात हलल्याचा प्रश्नच नव्हता. मित्र म्हणाला, "अरे, लेन्स सर्व्हिसिंगला टाक." टाकली असती तर पैसे पाण्यात.

खोट हवेत होती. तापलेल्या धावपट्टीवरून, डांबरी रस्त्यावरून गरम हवा वर चढते आणि तिच्यातून येणारा प्रकाश क्षणाक्षणाला वाकतो. ४०० मिमीच्या लांब पल्ल्याच्या लेन्सने लांबचं जवळ ओढलं की ही थरथरही तेवढीच मोठी दिसते. इथे ट्रायपॉड, महागडी लेन्स, सगळं सारखंच निरुपयोगी.

म्हणून दुपार सोडून सकाळ धरली. विमान जमिनीवर धावत असताना बटण दाबत नाही. चांगलं उंच आलं, मागे नुसतं आकाश उरलं की मगच.

तरी पहिले काही फोटो मऊ, म्हणजे थोडे धूसर यायचे. त्याचं कारण गाडीतला एसी. थंडगार लेन्स एकदम बाहेर काढली की हूडच्या (लेन्सच्या तोंडावरच्या नळीसारख्या कड्याच्या) आतच गरम-थंड हवा खेळते, दमट दिवसांत काचेवर बाष्पही धरतं. आता पोचल्यावर कॅमेरा बॅगेतच राहू देतो, तोवर आपला कटिंग चहा.

पंख्याच्या विमानाला मात्र १/१२५० नको, फोटोत पाती गोठतात, पंखा थांबल्यासारखा दिसतो. १/२००च्या आसपास ठेवून विमानासोबत कॅमेरा फिरवायचा. आणि कुंपणापाशी घुटमळू नका, ड्रोनचं तर नावच नको.