मीटिंगमध्ये बोलताय? मग या चुका टाळा

मुद्दा शंभर टक्के बरोबर असतो आणि तरी लोक ऐकत नाहीत, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगांमध्ये हे हमखास दिसतं, आणि चांगलं काम त्यामुळे अडतं याचं फार वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपल्याला जे येतं तेच बोलत सुटायचं. परळच्या चाळीत उभं राहून एफएसआय, फंजिबल, कार्पेट असे बांधकामाच्या क्षेत्रफळाचे तांत्रिक शब्द सुरू केलेत की पुढच्या रांगेतल्या आजी शेजारणीशी बोलायला लागतात, कारण त्यांच्या डोक्यात एकच, नवीन घर होईपर्यंत बाहेर राहायचं भाडं बिल्डरकडून किती महिने मिळणार आणि त्याने मध्येच बंद केलं तर जायचं कुठे? मग सुरुवात तिथूनच करा ना! आणि मागे उभा असलेला त्यांचा नातू हिशोब करून आलाय, त्याला आकडेच द्या, गोड गोड बोललात तर त्याला वाटणार काहीतरी लपवतायत. टिळक-आगरकर मंडळींनी 1881 मध्ये मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा' काढला तो याचसाठी, वाचक वेगळा.

पण म्हणून कोळीवाड्यात जाऊन ओढूनताणून कोळी हेल काढू नका, दोन वाक्यांत पकडले जाता. आपलीच मराठी बोला, फक्त डोल आणि पर्ससीन जाळ्यातला फरक समजून घेऊन जा. गाडगेबाबांनी 1956 साली वांद्र्यात कीर्तन केलं तेही आपल्या वऱ्हाडीतच.

अजून एक, ॲरिस्टॉटलने भाषणांचे प्रकार पाडले त्यात झालेल्या गोष्टीचा निवाडा वेगळा आणि पुढे काय करायचं ते वेगळं. तुम्ही नवीन टॉवर दाखवताय आणि लोक अजून मागच्या रिपेअरिंगच्या पैशांवर अडकलेत, तर आधी तो हिशोब टेबलावर ठेवा, नाहीतर प्लॅन कोणी बघणार नाही.

शब्द बदला, माहिती नाही. ए विंगला एक आणि बी विंगला दुसरं सांगितलंत तर दोन्ही रेकॉर्डिंग रात्री एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात आणि मग कितीही चांगलं बोला, विश्वास गेला तो गेलाच.

आणि बोलता बोलता लोकांनी मोबाईल काढले तर आवाज चढवू नका. थांबा, एखाद्याला नावाने हाक मारून विचारा, "काका, तुम्हाला यात सगळ्यात जास्त भीती कसली वाटते?" गाडगेबाबा असेच लोकांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. काका जे शब्द वापरतील ते लिहून घ्या आणि पुढचं सगळं त्याच शब्दांत बोला.