रॅट की माऊस? लिव्हर टॉक्सिसिटीचा रिपोर्ट कसा वाचायचा

महापे-रबाळेच्या लॅबमध्ये किंवा खारघरला रिसर्चमध्ये नुकतेच लागलेल्यांसाठी लिहितोय. रिपोर्ट हातात आला की एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) किती वाढलं ते नंतर बघा, आधी प्राणी कोणता ते बघा, कारण रॅट आणि माऊस एकाच घरातले वाटले तरी लिव्हरमधली एन्झाइम्स वेगळी चालतात.

अफ्लाटॉक्सिन बी१ घ्या, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात सापडतं ते. लिव्हर त्याचं एपॉक्साइड, म्हणजे चटकन रिअॅक्ट होणारं रूप, बनवतं आणि ते डीएनएला चिकटतं, हे दोघांतही होतं, पण माऊसकडे अल्फा क्लासचं ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज नावाचं एक एन्झाइम इतकं जोरदार आहे की ते एपॉक्साइड लगेच पकडून निकामी करतं, म्हणून ज्या डोसला रॅटला लिव्हर कॅन्सर होतो त्याला पूर्ण वाढ झालेला माऊस बऱ्यापैकी पुरून उरतो. आणि माणसाचं लिव्हर यात माऊससारखं नाही हां, त्यामुळे नुसता माऊसचा क्लीन रिपोर्ट बघून 'सेफ' लिहू नका प्लीज.

पॅरासिटामॉलला बरोब्बर उलटं. तिथे माऊस नाजूक, रॅट टणक. स्टडी लावायचा तर माऊस घ्या, आणि रात्रभर उपाशी ठेवला होता का ते नक्की नोंदवा, उपाशीपोटी ग्लुटाथायोन (लिव्हरमधलं विषारी पदार्थ निकामी करणारं द्रव्य) घटतं आणि सगळे आकडे बदलतात.

फायब्रेट गटातलं (रक्तातली चरबी कमी करणारं) औषध असेल तर रॅट-माऊस दोघांचंही लिव्हर वाढतं, पेरॉक्सिझोम (पेशीतले चरबी जाळणारे छोटे कण) वाढतात, गिनी पिगला मात्र फारसं काही होत नाही, तेव्हा सिनियरकडे त्याचा डेटा पण मागा.