विक्रमचे अवतरण पुन्हा पाहताना

चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रावर उतरले, तेव्हा इस्रोचे यूट्यूबवरील थेट प्रक्षेपण एकाच वेळी ८० लाखांहून अधिक ठिकाणी सुरू होते. पडद्यावर खाली येणारे लँडर मात्र संगणकाने रेखाटलेले होते. अवतरणाची खरी हकिकत यानाकडून येणाऱ्या आकड्यांत होती. त्यामुळे ते प्रक्षेपण इस्रोच्या अधिकृत वाहिनीवर पुन्हा पाहताना उंची, आडवा वेग आणि उभा वेग यांवर नजर ठेवावी.

प्रारंभीचे निवेदन वगळून, सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास इंजिने प्रज्वलित होतात तेथून पाहण्यास हरकत नाही. त्या वेळी लँडर सुमारे ३० किलोमीटर उंचीवर असते आणि त्याचा आडवा वेग सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर असतो. चंद्रावर हवा नसल्याने पॅराशूट निरुपयोगी ठरते आणि हा सारा वेग इंजिनांनाच कमी करावा लागतो. म्हणून पहिल्या साडेअकरा मिनिटांत उंचीपेक्षा आडव्या वेगाची घट पाहणे अधिक उद्बोधक आहे. पुढे सुमारे १५० मीटरवर लँडर काही सेकंद जागच्या जागी थांबते आणि खालची जमीन खड्डे व धोंडे टाळून उतरण्याजोगी आहे का, हे स्वतःच तपासते. बंगळुरूहून तेव्हा त्याला कोणी चालवत नसते. हा भाग अजिबात पुढे सरकवू नये. लँडरच्या कॅमेऱ्याने उतरताना टिपलेली खरी दृश्ये इस्रोने दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध केली; ती यानंतर पाहावीत.

चांद्रयान-२ च्या अयशस्वी अवतरणाचे ७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतरचे प्रक्षेपणही जोडीने पाहावे. नियंत्रणकक्षातील आलेखावर हिरवी रेषा नियोजित मार्गाच्या तांबड्या रेषेपासून दूर जाते, हे निवेदकाने सांगण्यापूर्वीच लक्षात येते.

अपोलो-११ साठी ‘अपोलो इन रिअल टाइम’ हे संकेतस्थळ सर्वांत उपयुक्त आहे. चंद्रावर उतरणाऱ्या अपोलोच्या यानाच्या खिडकीतून १६ मिलिमीटर फिल्मवर घेतलेली अवतरणाची दृश्ये अंतराळवीरांबरोबरच पृथ्वीवर आली. २० जुलै १९६९ रोजी लोकांनी अवतरण केवळ ऐकले होते. येथे चित्र आणि आवाज एकत्र मिळतात, शिवाय ह्यूस्टनच्या नियंत्रकांचे संभाषण स्वतंत्रपणे निवडता येते. संगणकावर ताण आल्याचा १२०२ हा इशारा येतो, तेव्हा मार्गदर्शन विभागाचे संभाषण लावावे. अवतरण सुरू ठेवण्याचा त्या विभागाचे नियंत्रक स्टीव्ह बेल्स यांचा निर्णय तेथे ऐकायला मिळतो.