कादंबरीवर चर्चा ठेवताय? या चुका टाळा

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. म्हणजे वाचनाची सवय या किनाऱ्याला नवी नाही. पण चारजण जमून एखाद्या कादंबरीवर बोलायला बसले की गाडी ठरावीक ठिकाणी अडतेच.

‘हा बापू म्हणजे आमच्या आजोळचा…’

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि हा रोग खास आपला. श्री. ना. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. त्यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) चर्चेला घ्या, पाच मिनिटांत कुणीतरी ‘खरा बापू’ कोण ते सांगायला लागतं. मग त्याची बाग, भाऊबंदकी, कोर्टातला दावा. ऐकायला मजा येते, खोटं कशाला बोला! पण तासाभराने पाहावं तर पुस्तक मिटलेलंच.

या गप्पा बंद करू नका, शेवटी चहाबरोबर ठेवा. त्याआधी एकच नियम: मत मांडणाऱ्याने जागा दाखवायची. ‘राधा मला पटली नाही’ म्हणालात? ‘कुठे, काका?’ मग काका पानं उलटतात, चष्मा पुसतात, दोन परिच्छेद मोठ्याने वाचतात आणि वाचता वाचताच म्हणतात, ‘नाही, इथे ती तसं म्हणत नाहीये खरं.’ खरी चर्चा इथून सुरू होते. फक्त पानाचा आकडा मागू नका. वाचनालयातली जुनी प्रत आणि दुकानातली नवी आवृत्ती यांची पानं जुळत नाहीत. प्रकरण आणि परिच्छेदाचं पहिलं वाक्य सांगायला लावा.

पात्रांवर खटला

बापू-राधेचं वागणं बरोबर की चूक, यावर दोन तट पडले की संध्याकाळ संपलीच. त्यापेक्षा गाव राधेबद्दल काय बोलतं आणि लेखक तिला स्वतःला कुठे बोलू देतो, ते शोधा. पेंडशांच्याच ‘रथचक्र’ कादंबरीतल्या आईला लेखकाने नावच दिलेलं नाही, ती फक्त ‘ती’. बाई चांगली की हट्टी, यापेक्षा या बिननावाच्या असण्यावर बोलायला कितीतरी जास्त आहे.

खोत आणि कूळ एकाच सतरंजीवर

पेंडशांचीच ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) घेणार असाल तर जरा जपून. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याचा खोत घराण्याचा हक्क, १९४९च्या कायद्याने गेली, पण ती आठवण अजून घराघरांत आहे. बैठकीत एकाचे आजोबा खोत, दुसऱ्याचे कूळ. कादंबरीतला एखादा प्रसंग निघतो आणि बघता बघता वाद सात-बाऱ्यावर येतो. विषय टाळण्यात अर्थ नाही, कारण पुस्तकच त्यावर आहे. सुरुवातीला कुणीतरी दहा मिनिटांत खोती म्हणजे काय, वसुली कशी चाले, कायद्याने काय बदललं, एवढं सांगून टाकावं. ते सांगणारा शक्यतो दोन्ही घरांबाहेरचा असावा. नंतर आवाज चढलाच तर सूत्रधाराने विचारावं, ‘हे कादंबरीतल्या खोताबद्दल, की आपल्या वाडीतल्या?’ माझ्या मते थोडा आवाज चढलेलाच बरा. सगळे ‘छान आहे, छान आहे’ म्हणत उठले तर समजा, पुस्तक कुणी वाचलेलंच नाही.

‘तुंबाडचे खोत’चे दोन खंड एका महिन्यात संपवण्याचा हट्टही नको. एप्रिल-मेमध्ये आंबा, मग पावसात लावणी, भाद्रपदात गणपती. जाडजूड कादंबरी दिवाळीनंतर सुरू करा, शिमग्यापर्यंत पुरवा. वाचनालयात एकच प्रत असेल तर पहिला खंड संपवणाऱ्याने तो लगेच पुढच्याकडे द्यायचा. प्रत सूत्रधाराच्या कपाटात ठेवणं ही चूक तर सर्रास होते.

सिनेमा पाहून येणारे

‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकरांची, १९६६ची. श्याम बेनेगलांचा चित्रपट १९७८चा. चित्रपट पाहून आलेल्यांना येऊ द्या, पण बोलायची पाळी शेवटी द्या.

बोलीतले संवाद मनातल्या मनात वाचून सोडून देऊ नका. ज्याच्या घरात ती बोली आहे त्याला मोठ्याने वाचायला सांगा. अडलेल्या निम्म्या जागा तिथेच सुटतात.

आणि बैठकीआधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी कादंबरीचा निकाल लावून टाकत असेल, तर त्याला त्या दिवशी चहाचं काम द्या.