शेवटचा हप्ता सांभाळा: घरदुरुस्तीच्या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

हातात कसब आहे, हत्यारं ओळखीची आहेत, नात्यागोत्यातली दोन-चार कामं करून लोकांनी शाबासकीही दिली आहे आणि आता यावरच पोट चालवायचं ठरवलंय, असं धरून लिहितोय. नळ कसा बदलायचा, टाइल कशी बसवायची हे इथे सांगत नाही. हिशेबाची वही मात्र उघडून दाखवणार आहे. चांगले, प्रामाणिक, सफाईदार हाताचे कारागीर हा धंदा सोडून पुन्हा रोजंदारीवर गेलेले मी पाहिले आहेत. काम येत नव्हतं म्हणून त्यांच्यातलं कुणीच गेलं नाही. बहुतेकांना शेवटच्या हप्त्यानं बुडवलं. मीही त्या फेऱ्यात अडकून कसाबसा बाहेर आलोय, तेव्हा हा भाग सावकाश वाचा.

एका कामाची किंमत १०० धरू. त्यात सामान ४५. मजुरी ३०, आणि तुम्ही स्वतः राबलात त्याची मजुरीही यातच. वाहतूक, राडारोडा उचलणं, झिजलेली पाती आणि ड्रिलचे बिट, न मिळालेल्या कामांसाठी घातलेले हेलपाटे, हे सगळं मिळून १०. उरले १५, तो नफा. आता हप्ते बघा. सुरुवातीला ४०, मध्ये ३०, नंतर १५ आणि काम पूर्ण झाल्यावर १५. रीत अगदी सरळ वाटते, कारण बहुतेक जण असेच हप्ते पाडतात. पण पहिल्या तीन हप्त्यांची बेरीज करा. ८५. म्हणजे बरोबर तुमच्या खर्चाएवढी. तुमचा अख्खा नफा त्या शेवटच्या १५ मध्ये आहे, आणि तो ‘काम पूर्ण’ या दोन शब्दांवर लटकलेला आहे. त्या शब्दांचा अर्थ तुम्ही दोघांनी कधी ठरवलेलाच नसतो.

पूर्ण म्हणजे काय? बाथरूम वापरात आलं, ओटा बसला, रंग झाला. तुमच्या मते काम संपलं. घरमालकाच्या मते एका कोपऱ्यात स्कर्टिंगचा तुकडा राहिलाय, कपाटाचं दार खालून घासतंय, स्विचबोर्डाभोवती फट दिसतेय, सिंकच्या कडेचं सिलिकॉन वेडंवाकडं आहे आणि खिडकीखाली रंगाचा डाग वेगळा उठून दिसतोय. त्यांचं खरं आहे. यातलं प्रत्येक काम अर्ध्या तासाचं. पण सुतार, रंगारी, टाइलवाला हे तिघं वेगवेगळे, तिघांची वेळ जुळवायची, तेवढ्यासाठी सामान पुन्हा न्यायचं. रंगाचा डबा नवा आणला तर छटा जुळत नाही आणि एका डागापायी अख्खी भिंत मारावी लागते. अर्ध्या अर्ध्या तासाच्या कामांना पुरते दोन-तीन दिवस लागतात.

आणि तोवर तुम्ही पुढचं काम घेतलेलं असतं. तिथे बिगारी लावलेत, तोडफोड सुरू आहे, नवा घरमालक रोज फोन करतोय. मग जुन्या घराला ‘रविवारी येतो’ असं सांगता. तो रविवार टळतो. घरमालक शेवटचा हप्ता धरून बसतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. दरम्यान तो त्या घरात राहायला लागलेला असतो, त्यामुळे त्याला रोज नवं काही दिसतं. यादी पाचाची नऊ होते.

इथपर्यंत नुकसान एका कामापुरतं आहे. खरा सापळा यापुढचा. जुन्या कामाच्या सुताराची मजुरी द्यायची आहे, हातात पैसा आहे तो नव्या कामाच्या आगाऊचा. तुम्ही त्यातून देता. चोरी करायचा विचारही मनात नसतो, जुना हप्ता आला की भरून काढू असंच वाटत असतं. पण आता नव्या कामाच्या सामानाला तेवढे पैसे कमी पडतात. ते भरायला तिसरं काम हवं, म्हणजे तिसरं आगाऊ. ते काम हातचं जाऊ नये म्हणून दर पाडून घेता. दर पाडला की नफा १५ वरून ७ वर येतो आणि खड्डा भरायला आता एकाऐवजी दोन कामं लागतात. ह्याची टोपी त्याला, त्याची टोपी तिसऱ्याला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं धंदा जोरात चाललाय. तीन ठिकाणी काम सुरू, फोन थांबत नाही. तुम्हालाही तसंच वाटतं, आणि घातक गोष्ट हीच. हा सापळा भरभराटीसारखा दिसतो. ओळखायची खूण एकच सांगतो. नवं काम घेताना मनात त्या कामाचा विचार आधी येतो की त्याच्या आगाऊचा? आगाऊचा येत असेल तर नवं काम घेणं तिथेच थांबवा आणि जुन्या घरांच्या याद्या उरका. त्यात काही आठवडे तंगीत जातील. जाऊ देत.

यातून वाचायचे मार्ग आहेत, आणि ते अवघड नाहीत. प्रत्येक कामाचा पैसा वेगळा ठेवा. वेगळं खातं जमलं तर उत्तम, नाहीतर वहीत वेगळं पान, पण रोज लिहिलेलं. आगाऊ रक्कम हा सामान येईपर्यंत घरमालकाचा पैसा आहे, असंच मानून चाला. हप्ते तारखांना बांधू नका, डोळ्यांना दिसणाऱ्या टप्प्यांना बांधा. सुरुवातीला ३०, पाइपलाइन बसून दाबाची चाचणी झाली की ३०, वॉटरप्रूफिंग तपासून टाइल लागल्या की २०, फिटिंग आणि रंग झाला की १५, आणि अगदी शेवटी ५. या रीतीनं शेवटच्या ५ ला हात न लावता तुमच्याकडे ९५ आलेले असतात, खर्च ८५, म्हणजे दोन तृतीयांश नफा आधीच सुटलेला असतो. शेवटचा हप्ता शून्य करा असं मात्र मी सांगणार नाही. घरमालकाच्या हातात काहीतरी राहायलाच हवं, तो त्याचा हक्क आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘पूर्ण’ची व्याख्या अंदाजपत्रकातच लिहा. काम आवरलं की दोघांनी मिळून घरभर फिरायचं, जिथे खोट दिसेल तिथे रंगीत टेपचा तुकडा चिकटवायचा, यादी करायची, दोघांनी सही करायची. ती यादी संपली की शेवटचा हप्ता द्यायचा. त्यानंतर जे दिसेल ते हमीच्या मुदतीत मोफत करून द्यायचं, पण हप्ता त्यासाठी अडणार नाही. लोक याला खुशीनं तयार होतात, कारण कारागीर शेवटी गायब होतो ही त्यांचीही भीती असते. यादीच्या त्या दोन-तीन दिवसांचा खर्च अंदाजपत्रकात धरा आणि ते दिवस संपेपर्यंत पुढचं काम सुरू करू नका. हे शेवटचं पाळायला सगळ्यात जड जातं. मला अजूनही जातं.

दराबद्दल एक गोष्ट पटकन. खर्चावर १५ टक्के चढवले म्हणजे १५ टक्के नफा झाला, हा समज काढून टाका. ८५ वर १५ टक्के चढवले तर ९७.७५ होतात, १०० होत नाहीत. किमतीच्या १५ टक्के नफा हवा असेल तर खर्चाला ०.८५ नं भागा. फरक लहान दिसतो, पण वर्षभराच्या कामांवर तो एखाद्या चांगल्या ड्रिलचे नाही, बिगाऱ्याच्या पगाराचे पैसे खातो.

‘आलाच आहात तर एवढं करून द्या’ हे वाक्य रोज ऐकाल. नाही म्हणू नका, तोंडी हो पण म्हणू नका. काय करायचं आणि किती लागतील हे दोन ओळींत फोनवर पाठवा, ‘चालेल’ असं उत्तर आलं की हात लावा. भिंतीआड काय निघेल त्याचंही तेच. गंजलेली लाइन, वाळवी लागलेली चौकट, पाइपाशिवाय गिलाव्यात गाडलेली वायर. अंदाजपत्रकात आधीच लिहा की फोडल्यावर निघेल ते वेगळं, आणि निघालं की काम थांबवून त्याच दिवशी फोटो पाठवा. जुन्या घराच्या मालकाला पहिल्या भेटीतच सांगा की एकूण रकमेच्या १० ते १५ टक्के बाजूला ठेवा. नंतर सांगितलेलं कितीही खरं असलं तरी बहाणा वाटतं.

आता गुरूंबद्दल, आणि इथे माझं मत जरा कडक आहे. ‘महिनाभरात काँट्रॅक्टर बना’ छापाच्या शिकवण्यांवर पैसे घालवू नका. व्हिडिओ बघा, भरपूर बघा, पण व्हिडिओत नवं काम दिसतं, चार वर्षांनी त्याचं काय झालं ते दिसत नाही. गुरू शोधायचा तो जुन्या दुरुस्त्या करणारा मिस्त्री. तो रोज दुसऱ्यांची फसलेली कामं उकलत असतो, त्यामुळे कुठलं काम कशानं फसतं हे त्याला पाठ असतं. एखाद्याच्या हाताखाली जाण्याआधी त्यानं काही वर्षांपूर्वी केलेलं बाथरूम दाखवायला सांगा. आणि जो म्हणेल ‘पुट्टी मारली की सगळं झाकतं’, त्याच्यापासून लांब राहा.

कारण काहीच झाकत नाही. ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग मारला तर पाणी आतून क्षार घेऊन पृष्ठभागाशी येतं, वाळताना ते क्षार रंगामागे साचतात आणि पोपडे सुटतात. पाणी कुठून येतंय ते शोधा, ते बंद करा, भिंत वाळू द्या, मग रंग. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचंही तेच. जमीन-भिंतीचा सांधा गोलाकार भरा, थर भिंतीवर वरपर्यंत चढवा, जाळीकडे १०० सेंमीला निदान १ सेंमी ढाळ द्या, आणि टाइल लावण्याआधी जाळी बंद करून पाणी साठवून निदान २४ तास, जमलं तर ४८ तास ठेवा. पातळी खुणेनं बघा, खालच्या छतावर ओल उमटते का ते बघा. घरमालक घाई करेल, टाइलवाला मोकळा बसलाय म्हणून कुरकुरेल. त्या दोघांचं ऐकू नका. टाइल लागल्यावर गळती सापडली तर सगळं उखडण्याचा खर्च तुमचाच.

काही ठिकाणी मात्र ‘बघून करू’ला जागाच नाही. भिंत भार पेलते की नाही हे ठोकून, आवाज ऐकून ठरवायचं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय आल्याशिवाय भिंत पाडायची नाही, मग काम हातचं गेलं तरी चालेल. वायरिंग आणि गॅसची कामं बहुतेक ठिकाणी परवानाधारकानंच करायची असतात, तुमच्याकडे कोणते नियम आहेत ते काम घेण्याआधी विचारून घ्या. वीज बंद केली तरी वायरमध्ये वीज आहे का ते बघायचा तुमचा मीटर (मल्टीमीटर) आधी चालू लाइनवर तपासा, मग ज्या वायरला हात लावायचा तिच्यावर, मग पुन्हा चालू लाइनवर, म्हणजे मीटरच बिघडलेला नाही याची खात्री होते. टाइल किंवा काँक्रीट ग्राइंडरनं सुकं कापताना उडणाऱ्या धुळीत बारीक सिलिका असते. ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पाणी सोडून कापा, धुळीचा चांगला मास्क लावा, बिगाऱ्यालाही लावायला लावा. जुने सिमेंटचे पत्रे फोडण्याआधी त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का याची चौकशी करा. जुना रंग शिशाचा असू शकतो, तो सुका घासू नका. आणि दुसऱ्याच्या घरात झालेल्या नुकसानीचा विमा काढा, पहिल्याच कामापासून.

एवढं वाचून धास्तावला असाल तर सांगतो, बाकीचं बरंचसं तुम्ही समजता त्यापेक्षा सोपं आहे. सगळी हत्यारं आधी घ्यायची गरज नाही. काँक्रीट फोडायचा ब्रेकर भाड्यानं आणा, तो पुन्हा पुन्हा आणावा लागला की मग विकत घ्या. पाणसळ मात्र चांगलीच घ्या, आणि घेताना दुकानातच तपासा. एका जागी ठेवून बुडबुडा बघायचा, तिथेच डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवून पुन्हा बघायचा, बुडबुड्याची जागा बदलली तर पाणसळ खोटी. पहिलं वर्ष लहान कामांचं असू द्या. घासणारं दार, गळणारा नळ, एक फळी, एका खोलीचा रंग. अशा कामात शेवटचा हप्ता नावाचा प्रकारच नसतो, त्याच दिवशी काम, त्याच दिवशी पैसे. लहान कामाला वेळेवर आलेला, उशीर होणार असेल तर आधी फोन करणारा आणि जाताना जागा झाडून जाणारा माणूस लोक विसरत नाहीत. मोठं काम काढलं की पहिला फोन त्यालाच करतात. अख्ख्या स्वयंपाकघराचं काम पहिल्या वर्षी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्यात सुतार, प्लंबर, वायरमन, टाइलवाला सगळे एकमेकांच्या पायात येतात आणि ती वेळ बसवायला अनुभवच लागतो.

मदतनीस कधी ठेवावा हे बरेच जण विचारतात. हातात जास्त कामं आहेत म्हणून ठेवू नका. मागच्या सगळ्या घरांच्या याद्या संपलेल्या असतील, सगळे हप्ते आलेले असतील आणि तरीही त्याच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम कुणाच्याही आगाऊला हात न लावता बाजूला असेल, तर खुशाल ठेवा.