काउंटरवर उभं राहण्याआधी: वाइन आणि क्राफ्ट बिअर सांभाळायची कशी

महाराष्ट्रात दुकानावर पाटी 'वाइन शॉप'ची असते आणि आत सगळ्यांत वाईट जागा वाइनलाच मिळते. व्हिस्की-रमच्या क्वार्टर हाताशी, वाइन मात्र छताजवळच्या फळीवर, दिव्याखाली, उभी. नव्याने दुकान चालवायला घेणाऱ्याने किंवा काउंटरवर कामाला लागणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. सीलबंद व्हिस्की चार वर्षं फळीवर राहिली तरी तिला फारसं काही होत नाही. वाइन आणि क्राफ्ट बिअर (लहान ब्रुअरीत थोड्या प्रमाणात बनणारी बिअर) हा नाशवंत माल आहे. त्याची मागणी, साठवण आणि विक्री दुधाच्या हिशेबाने करायची, व्हिस्कीच्या हिशेबाने नाही. पुढचं सगळं यातूनच येतं.

दिवसातलं कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा साधा थर्मामीटर आणा. एक आठवडा वरच्या फळीवर ठेवा, पुढचा आठवडा जमिनीजवळ. एप्रिल-मे महिन्यांत दोन्हींत चार-पाच अंशांचा फरक सहज दिसतो, आणि शटर लावून एसी बंद केल्यावर रात्री आत किती उकाडा साठतो तेही कळतं. वाइनला १२ ते १६ अंश उत्तम, २५ च्या आत असेल तर काही महिने निभावतं. ३० च्या वर सतत राहिली तर फळाचा वास जाऊन शिजवलेल्या जॅमसारखा वास येऊ लागतो. नागपूर-अकोल्याकडे तर वाइन कूलरशिवाय हा माल ठेवूच नये. पैसे कमी असतील तर आधी एकच कूलर घ्या आणि महाग बाटल्या, सगळ्या व्हाइट आणि स्पार्कलिंग (फसफसणाऱ्या) त्यात ठेवा. बाकी रेड सर्वांत खालच्या फळीवर, भिंतीच्या थंड बाजूला. नैसर्गिक बुचाच्या बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं आणि आक्रसत नाही. फिरकीच्या झाकणाच्या उभ्या चालतात. बिअर नेहमी उभीच.

माल उतरवून घेताना घाई करू नका. उन्हाळ्यात डिलिव्हरी सकाळी अकराच्या आत मागा, टेम्पो दुपारभर उन्हात फिरून आला की नुकसान आधीच झालेलं असतं. वाहतूक पास आणि बिल जुळवून झालं की प्रत्येक पेटीवरची तारीख वाचा. एकाच बिलात दोन वेगळ्या बॅचच्या पेट्या येतात आणि जुनी पेटी नेमकी खाली असते. क्राफ्ट बिअरचे कॅन हाताला कोमट लागले तर सही करण्याआधी बोला. वाइनच्या बाटलीत मान बघा: बूच काचेच्या कडेपेक्षा वर सरकलं आहे का, वरच्या आवरणाखाली चिकट ओघळ आहे का, पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा खाली आहे का. यातलं काहीही दिसलं म्हणजे ती बाटली तापली आहे. उष्णतेने आतला द्रव फुगतो, बुचाला बाहेर ढकलतो आणि थंड होताना हवा आत ओढतो. अशी बाटली परत करायची. परतीची अट वितरकाकडून आधीच लेखी घ्या, तोंडी बोलणं पेटी उघडल्यावर कुणालाच आठवत नाही.

बिअरच्या तारखेचं गणित नीट समजून घ्या, कारण नवे दुकानदार पैसे इथेच घालवतात. पाश्चराइज्ड लागर, म्हणजे नेहमी मिळणारी हलकी बिअर, साधारण सहा महिने तग धरते. आयपीए (इंडिया पेल एल) या बिअरमध्ये मात्र हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, ताजा, लिंबूवर्गीय वास हाच जीव, आणि तो थंडीत ठेवूनही तीनेक महिन्यांत ओसरतो. कॅनवर मुदत शिल्लक दिसते, पण गिऱ्हाइकाने ज्यासाठी जास्त पैसे दिले ते आत उरलेलं नसतं. पाश्चराइज न केलेली बिअर तर ब्रुअरीपासून गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत थंडच हवी, चार अंशांच्या आसपास. समजा, कॅनची एमआरपी २०० आणि खरेदी १८० आहे. २४ कॅनची पेटी ४,३२० ला पडली. तीन कॅन मुदतबाह्य झाले तर २१ कॅनचे ४,२०० येतात. म्हणजे अख्खी पेटी १२० रुपये तोट्यात, विजेचं बिल वेगळंच. म्हणून पाच प्रकारांच्या पाच पेट्या घेण्यापेक्षा मिश्र पेटी मिळते का ते विचारा, आणि नाहीच मिळाली तर दोनच प्रकार ठेवा. फळी भरलेली दिसावी म्हणून माल घेऊ नये.

नवा माल मागे, जुना पुढे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. संध्याकाळी सातच्या गर्दीत कूलर भरणारा पोरगा मात्र समोरच रचतो. उपाय सोपा: पेटी फोडताना वरच्या बाजूला मार्करने महिना मोठ्या आकड्यात लिहा आणि कूलर फक्त सकाळी भरा.

आता उजेड. हॉप्समधली कडू द्रव्यं प्रकाशात फुटतात आणि त्यातून गंधकयुक्त संयुग तयार होतं. त्याचा वास इतका तीव्र असतो की अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतो. पांढरी आणि हिरवी काच याला जवळपास अडवत नाही, तपकिरी बरीच अडवते, कॅन पूर्ण. एकदा स्वतः करून बघा: हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीतल्या एकाच बिअरच्या दोन बाटल्या घ्या, एक कागदात गुंडाळा, दुसरी तशीच, आणि दोन्ही अर्धा तास उन्हात ठेवा. मग थंड करून शेजारी शेजारी हुंगा. उघड्या बाटलीतला तो उग्र, जळक्या रबरासारखा वास एकदा ओळखीचा झाला की दुकानाच्या काचेच्या दर्शनी कपाटात बिअर मांडायची इच्छा राहत नाही. तिथे रिकामे खोके मांडा.

वाइनवर मुदतीची तारीख नसते, द्राक्षं तोडल्याचं साल असतं, आणि ते वाचायला शिकावं लागतं. नाशिककडे द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे एकच साल छापलेली नाशिकची बाटली फ्रान्सच्या बाटलीपेक्षा सहा-सात महिन्यांनी जुनी. आपल्याकडच्या बहुतेक शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यॉन ब्लाँ (दोन्ही व्हाइट) आणि रोझे (गुलाबी) ताज्याच प्यायच्या असतात, तोडणीपासून दोन वर्षांत. 'वाइन जितकी जुनी तितकी चांगली' हा समज काउंटरवर रोज ऐकू येतो. ठेवून मुरणाऱ्या रेड थोड्याच, आणि त्याही थंड अंधारात ठेवल्या तर. वितरक जुन्या सालची व्हाइट स्वस्तात देत असेल तर आधी एक बाटली विकत घेऊन घरी उघडून बघा.

गिऱ्हाइकाला तीनच प्रश्न विचारा: सोबत काय खाणार, कधी उघडणार, किती खर्च करायचा. 'ड्राय हवी का' हा प्रश्न टाळा, बहुतेकांना त्याचा अर्थ 'कडक' वाटतो. 'गोडसर चालेल की अजिबात गोड नको' असं विचारा. तिखटावर रेड देताना जपून: टॅनिन (रेडला तुरटपणा देणारं द्रव्य) आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात. कोल्हापुरी रश्श्यासोबत किंचित गोडसर शेनिन ब्लाँ थंडगार द्या. बोंबील किंवा सुरमई फ्रायला सॉव्हिन्यॉन ब्लाँ किंवा व्हीट (गव्हाची) बिअर. मटणाच्या सुक्याला शिराझ, किंवा अकलूजकडच्या फ्रातेल्ली वायनरीची सांजोवेझे, दोन्ही रेड. पोर्ट वाइन मागणाऱ्याला नाक मुरडू नका. आपल्याकडची गोड पोर्ट आणि पोर्तुगालची पोर्ट वेगळ्या, पण त्या माणसाला गोड हवं आहे हे खरं आहे, आणि पुढच्या वेळी एखादी लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन) सुचवता येते. 'रेड वाइन हार्टला चांगली ना?' याला हो म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्याचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. आपण चव विकतो, औषध नाही.

बाटली देताना वाढण्याचं तापमान एका वाक्यात सांगा. व्हाइट ८ ते १०, स्पार्कलिंग ६ ते ८. रेड 'रूम टेंपरेचर'ला म्हणतात ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. पुण्या-मुंबईत रेडसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी लागते. स्पार्कलिंगमध्ये सुमारे सहा वातावरणांचा दाब असतो, तेव्हा बाटली तिरकी धरून, बूच घट्ट पकडून बाटली फिरवायची. उघडलेली व्हाइट झाकण लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, रेड तीन-चार.

तक्रारी दोनच प्रकारच्या जास्त येतात. बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला चमकते कण दिसले की लोक घाबरून 'काच आहे' म्हणत परत येतात. ते टार्टारिक आम्लाचे क्षार, थंडीत जमतात, निरुपद्रवी असतात. बोटात धरून दाबले की भुगा होतो, काचेचा होत नाही. बाटली बदलून देण्याआधी हे समोर करून दाखवा. दुसरी तक्रार खरी असते: ओल्या पुठ्ठ्यासारखा, बंद तळघरासारखा वास. तो बुचातल्या दोषाने येतो, साठवणुकीने नाही, आणि बाटली हलवून किंवा हवा देऊन जात नाही. ती बदलून द्या आणि बुचासकट वितरकाकडे पाठवा.

किरकोळ दुकानात बाटली सीलबंदच विकायची असते, चाखवण्यासाठी उघडता येत नाही. त्यामुळे शिकणं दुकानाबाहेर. सहा जणांनी मिळून महिन्यातून एकदा चार बाटल्या घ्याव्यात: एकाच द्राक्षाच्या दोन वेगळ्या वायनरींच्या, बाकी दोन वेगळ्या जातींच्या. प्रत्येकी ५० मिली ओतलं तरी बाटलीत निम्म्याहून जास्त उरतं, ती फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा चाखा. गिऱ्हाइकाला 'किती दिवस टिकेल' हे मग पाठ करून सांगावं लागत नाही. नाव लपवून चाखा आणि लिहून ठेवा. प्रमाणपत्र हवं असेल तर वाइनसाठी डब्ल्यूएसईटी या वाइन शिकवणाऱ्या संस्थेची पहिली पातळी एका दिवसाची, दुसरी जास्त उपयोगाची. बिअरसाठी सिसरोन या प्रमाणपत्राची पहिली परीक्षा ऑनलाइन देता येते. क्राफ्ट बिअर मात्र आधी जिथे बनते तिथे प्यावी. पुण्यात २००९ मध्ये डूलालीने मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवून विकणारं ठिकाण) सुरू केली, आता शहरात निवड बरीच आहे. टँकमधून आलेली ताजी आयपीए आधी चाखा, मग आपल्या कूलरमधला दोन महिन्यांचा कॅन उघडा. पुढची ऑर्डर किती पेट्यांची द्यायची ते त्या दोन ग्लासांवरून ठरवा.

गिऱ्हाइकाच्या वयाची आणि मद्य पिण्याच्या परवान्याची खातरजमा पहिल्या दिवसापासून: बिअर-वाइनला वय २१, बाकी मद्याला २५. शंका आली तर ओळखपत्र मागा, ओळखीचा असला तरी.